‘शुद्ध वाक्य ओळखा’ : भरतीच्या मराठी पेपरात चारातून बरोबर वाक्य कसं निवडायचं

तलाठी भरती २०२३ चा पेपर आठवा, शंभर प्रश्न, दोनशे मार्क, दोन तास, त्यातले पंचवीस प्रश्न मराठीचे. पोलीस भरतीच्या लेखीला शंभर मार्क आणि नव्वद मिनिटं, म्हणजे एका प्रश्नाला मिनिटभरसुद्धा नाही. गणिताला क्लास लावतात, चालू घडामोडींना मासिकं घेतात, आणि मराठीचं विचारलं की "ते काय, आपलीच भाषा आहे" म्हणून मोकळे. मग पेपरात ‘खालीलपैकी शुद्ध वाक्य ओळखा’ आलं की चारही वाक्यं मनात म्हणून बघायची आणि जे कानाला बरं वाटेल त्यावर टिक करायची. माझं म्हणणं एवढंच की या प्रश्नाला कान चालत नाही, तपासायचा ठरलेला क्रम लागतो.

कान का चालत नाही, तर कानावर दिवसभर काय पडतं ते बघा. व्हॉट्सॲपवर ‘तू कुठे गेली होती’, हिंदीचं ऐकून ‘माझी मदत कर’, मुंबईत ‘मी त्याला बोललो’, विदर्भात ‘तो करून राहिला’, कोल्हापूरकडच्या बायका सहज म्हणतात ‘मी जातो’. यातलं काहीच बोलताना चूक नाही, आपापल्या जागी ती मराठीच आहे आणि कुणी नाक मुरडायचं कारण नाही. पण पेपर प्रमाण मराठीचा असतो आणि प्रश्न काढणाऱ्याला हे सगळं माहीत असतं, तो मुद्दाम तेच वाक्य पर्यायात टाकतो जे तुम्हाला घरचं वाटेल.

आधी फरक शोधा

चार वाक्यं चार वेळा नीट वाचत बसलात तर वेळ तिथेच गेला. पहिलं वाक्य पूर्ण वाचा आणि बाकीच्या तीनमध्ये काय बदललंय तेवढंच बघा. मी बनवलेलं एक उदाहरण घ्या:

१) तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांची संख्या दरवर्षी वाढत आहेत.
२) तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांची संख्या प्रत्येक दरवर्षी वाढत आहे.
३) तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांची संख्या दरवर्षी वाढत आहे.
४) तयारी करणाऱ्या विद्यार्थींची संख्या दरवर्षी वाढत आहे.

फरक तीनच जागी आहे, ‘आहे की आहेत’, ‘दरवर्षी की प्रत्येक दरवर्षी’, ‘विद्यार्थ्यांची की विद्यार्थींची’. आता एकेक प्रश्न स्वतःला विचारायचा. वाढत काय आहे? संख्या. संख्या एकवचनी, म्हणून ‘आहे’, पहिला पर्याय गेला. ‘दर’ असताना ‘प्रत्येक’ कशाला, दुसरा गेला. विद्यार्थीचं अनेकवचनी सामान्यरूप, म्हणजे प्रत्यय लागताना होणारं रूप, ‘विद्यार्थ्यां’, चौथा गेला. उरला तिसरा. चौथा पर्याय लिहिणाऱ्याने शब्द एवढा ओळखीचा घेतलाय की घाईत डोळा त्यावरून घसरतोच.

क्रियापद कुणाच्या मागे चाललंय

सगळ्यात जास्त चुका इथेच असतात म्हणून इथे जरा थांबू. क्रियापद कर्त्याप्रमाणे बदलतं, कर्माप्रमाणे बदलतं किंवा कुणाचंच ऐकत नाही. कर्तरी, कर्मणी, भावे ही नावं प्रयोग ओळखायच्या प्रश्नाला लागतातच, पण वाक्य तपासायला नाव आठवायची गरज नाही, अदलाबदल करून बघायची.

‘रमेशने आंबा खाल्ला’ मध्ये रमेशच्या जागी सीमा टाका, ‘सीमाने आंबा खाल्ला’, काही बदललं नाही. आंब्याच्या जागी चिंच टाका, ‘खाल्ली’ झालं, म्हणजे क्रियापद कर्माच्या मागे आहे. आता कर्माला ‘ला’ लागला की क्रियापद त्याचंही ऐकत नाही, ते नपुंसकलिंगी एकवचनी होऊन बसतं. ‘पोलिसांनी चोर पकडला’ बरोबर, ‘पोलिसांनी चोराला पकडले’ हेही बरोबर, पण ‘पोलिसांनी चोराला पकडला’ प्रमाण मराठीत चूक. तसंच ‘आईने मुलीला समजावली’ नाही, ‘आईने मुलीला समजावले’. बोलताना आपण सर्रास ‘समजावली’ म्हणतो म्हणून हा सापळा हमखास लागतो.

भूतकाळ म्हटला की ‘ने’ असं डोक्यात पक्कं बसलेलं असतं, पण काही क्रियापदं भूतकाळातही ‘ने’ घेत नाहीत. विसरणे, शिकणे, बोलणे, पिणे ही त्यातली. ‘त्याने छत्री विसरली’ नाही, ‘तो छत्री विसरला’. ‘ती पोहायला शिकली’, ‘मी दूध प्यायलो’. ‘पिलो’ गावात चालतं, पेपरात नाही. ‘म्हणणे’ दोन्हीकडे पाय ठेवून आहे, ‘ती म्हणाली’ पण ‘तिने गाणे म्हटले’.

मग ‘तू’. तू आला की क्रियापदाला शेवटी ‘स’ लागतो, ‘तू आलास’, ‘तू कुठे गेली होतीस’, ‘तू काम केलेस’. ऑनलाइन हा ‘स’ जवळजवळ गायब झालाय आणि म्हणूनच पर्यायात तो सापडला नाही तरी आपल्याला खटकत नाही.

आदरार्थी अनेकवचन पण बघा. ‘माझे वडील शिक्षक आहे’ चूक, ‘आहेत’. ‘राष्ट्रपती म्हणाल्या’ हे राष्ट्रपती बाई असतील तर बरोबर. एकदा आदर धरला की तो वाक्याच्या शेवटपर्यंत धरायचा, ‘सर आले आणि त्याने सांगितले’ असं मध्येच सोडायचं नाही. आणि ‘मला दोन पुस्तके पाहिजे’ नाही, ‘पाहिजेत’.

लांब वाक्य असेल तर मधला मजकूर हाताने झाका. ‘चार मुलांपैकी एक मुलगा परीक्षेला बसला’, इथे बसलेला ‘एक मुलगा’ आहे, ‘मुलांपैकी’ कडे बघून ‘बसले’ करायचं नाही. ‘गावातल्या महिलांचा एक गट निघाल्या’ असं वाक्य दिलं की महिला डोळ्यापुढे येतात आणि ‘निघाल्या’ बरोबर वाटतं, पण निघाला तो गट. ‘किंवा’ ने जोडलेले कर्ते असतील तर जवळच्याप्रमाणे जा, ‘राम किंवा सीता येईल’ यात लिंग दिसतच नाही पण ‘राम किंवा सीता आली’ मध्ये दिसतं.

सामान्यरूप

विभक्ती प्रत्यय लागला की शब्दाचं रूप बदलतं आणि त्याच्या आधीच्या विशेषणाचंही. ‘माझा भावाने’, ‘मोठा घरात’ ही उघड चूक आहे तरी लांब वाक्यात लपवली की लपते. फक्त आकारान्त विशेषणं बदलतात हे लक्षात ठेवा, ‘चांगल्या मुलीने’ पण ‘सुंदर मुलीने’.

इथे माझ्या आवडीच्या दोन जोड्या देतो. ‘पक्षांची बैठक’ आणि ‘पक्ष्यांचा थवा’, एक राजकीय पक्षाचं अनेकवचन आणि दुसरं उडणाऱ्या पक्ष्याचं, फरक एका ‘य’ चा. तसंच ‘आचाऱ्यांना’ म्हणजे स्वयंपाक करणारे आणि ‘आचार्यांना’ म्हणजे गुरुजन, फरक ‘र’ च्या आकाराचा. मोबाईलवर टाईप करताना आपण ‘शेतकर्‍यांना’ की ‘शेतकर्यांना’ याकडे बघतही नाही, पण पेपरात ‘शेतकऱ्यांना’ हेच रूप हवं आणि नजर तशी बसवावी लागते.

अनेकवचनी सामान्यरूपावर अनुस्वार येतोच, ‘लोकांना’, ‘घरांसाठी’, आणि आदरार्थीलाही येतो, ‘राज्यपालांचा दौरा’, ‘मुख्यमंत्र्यांनी’. उलट ‘नांव’, ‘पांच’, ‘कांही’ हे जुने अनुस्वार आता नाहीत, आजोबांच्या पत्रात दिसतील, पर्यायात दिसले तर खोडा.

जोडीने येणारे शब्द

हे पटकन होतं. जर ला तर, जरी ला तरी, जेव्हा ला तेव्हा, जोपर्यंत ला तोपर्यंत, जसा ला तसा. ‘जरी पाऊस आला तर आम्ही जाऊ’ किंवा ‘जरी तो गरीब होता परंतु प्रामाणिक होता’ अशी वाक्यं असतात, एका हाताचा मोजा दुसऱ्याच जोडीतला घातल्यासारखी. ‘जोपर्यंत’ नंतर ‘नाही’ विसरलेलं असतं तेही बघा, ‘जोपर्यंत तू येत नाहीस तोपर्यंत मी थांबतो’.

शब्द कुठे बसलाय

‘येथे शुद्ध गायीचे तूप मिळेल’ ही पाटी तुम्ही पाहिलीच असेल, शुद्ध गाय की शुद्ध तूप? ‘गायीचे शुद्ध तूप’ हवं. ‘ताजा उसाचा रस’ नको, ‘उसाचा ताजा रस’. पण दर वेळी पहिलं चूकच असतं असं नाही, ‘जुन्या पुस्तकांचे दुकान’ आणि ‘पुस्तकांचे जुने दुकान’ दोन्ही शुद्ध आहेत फक्त अर्थ वेगळे आहेत, म्हणून प्रश्नात अर्थ काय मागितलाय ते बघायचं. ‘फक्त’, ‘च’, ‘सुद्धा’ हे ज्या शब्दाला चिकटतात त्याचाच अर्थ बदलतात. ‘फक्त सुरेशने दोन प्रश्न सोडवले’ म्हणजे बाकी कुणी तेवढे सोडवले नाहीत, आणि ‘सुरेशने फक्त दोन प्रश्न सोडवले’ म्हणजे त्याचे दोनच झाले.

फालतू शब्द काढा

आता मजेशीर भाग. एकच अर्थ दोनदा सांगणारी वाक्यं आपल्याकडे एवढी आहेत की ती चूक आहेत हेच वाटत नाही. ‘पिवळा पीतांबर’, ‘गाईचं गोमूत्र’ ही सगळ्यांना पाठ असतात म्हणून हल्ली त्यापेक्षा कमी ओळखीची पकडायला शिका. ‘सुमारे पन्नासच्या आसपास लोक’, यात ‘सुमारे’ तरी ठेवा नाहीतर ‘च्या आसपास’ तरी. ‘पुन्हा परत आला’, ‘केवळ फक्त’, ‘परंतु पण’, ‘कारण की’ मधला ‘की’, ‘शेवटची अंतिम तारीख’. ‘कृपया सहकार्य करण्याची कृपा करावी’ हे तर सोसायटीच्या प्रत्येक नोटिशीत असतं, कृपा दोनदा मागितलीय.

दुसरा प्रकार शब्दाच्या आतच लपलेला असतो. ‘सौजन्यता’, ‘सौंदर्यता’, ‘औदार्यता’ यात भाववाचक नामाला आणखी एकदा ‘ता’ लावलाय, ‘सौजन्य’, ‘सौंदर्य’, ‘औदार्य’ पुरे. ‘श्रेष्ठतम’, ‘सर्वोत्कृष्टतम’ मध्ये श्रेष्ठ आणि सर्वोत्कृष्ट म्हणजेच सगळ्यात वरचं, त्यावर ‘तम’ कशाला. ‘निरपराधी’ नको, ‘निरपराध’. ‘यथाशक्तीप्रमाणे’ मध्ये ‘यथा’ आणि ‘प्रमाणे’ एकच काम करतायत, म्हणून ‘यथाशक्ति’, आणि तोही ऱ्हस्व कारण ते अव्यय आहे. ‘आमरण मरेपर्यंत उपोषण’ असं लिहिलेलं दिसलं तर काय काढायचं ते सांगायला नको.

तिसरा प्रकार म्हणजे वाक्यच पसरट. ‘जो मुलगा रोज अभ्यास करतो तो मुलगा पास होतो’ हे चूक नाही, पण पर्यायात ‘रोज अभ्यास करणारा मुलगा पास होतो’ असेल आणि प्रश्नात ‘सुटसुटीत’ किंवा ‘कमी शब्दांत’ असं काही म्हटलं असेल तर दुसरं घ्या. शब्दसमूहाबद्दल एक शब्द हा प्रश्न याच कामासाठी असतो, ज्याला शत्रू नाही तो अजातशत्रू, ज्याचे हात गुडघ्यापर्यंत पोहोचतात तो आजानुबाहू. सरकारी आणि भाषणी मराठीत ‘या ठिकाणी’ आणि ‘च्या माध्यमातून’ हे दोन शब्द निव्वळ जागा भरायला असतात, ‘योजनेच्या माध्यमातून मदत मिळाली’ म्हणजे ‘योजनेतून मदत मिळाली’. ते काढून वाक्य वाचा, अर्थ तसाच राहिला तर ते नको होते.

पण सगळ्यात छोटा पर्याय तोच बरोबर असं धरून चालू नका, इथे बरेच जण फसतात. छोट्या वाक्यात काहीतरी हरवलेलं असू शकतं. ‘सभेत मुलांनी आणि त्यांच्या पालकांनी प्रश्न विचारले’ याचं ‘सभेत सर्वांनी प्रश्न विचारले’ केलं तर शब्द वाचले पण माणसं गेली. आधी व्याकरण, मग अर्थ, आणि दोन्ही ठीक असलेल्या पर्यायांत मग जो आखूड तो.

ऱ्हस्व दीर्घ

बऱ्याच प्रश्नांत चारही वाक्यं रचनेने सारखी असतात आणि फरक फक्त वेलांटीचा असतो, तसं दिसलं तर वरचं सगळं सोडून थेट इथे या. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक चौदा नियम शासनाने १९६२ मध्ये मान्य केले आणि १९७२ मध्ये आणखी चार आले, असे एकूण अठरा. उत्तर याच अठरामधून निघतं. पेपरात सगळ्यात जास्त कामी येतात ते एवढे:

शेवटची वेलांटी आणि शेवटचा उकार दीर्घ, कवी, बुद्धी, गती, पण समासात पुढे शब्द आला की संस्कृतातला ऱ्हस्व परत येतो. रवी पण रविवार, बुद्धी पण बुद्धिबळ, शक्ती पण शक्तिशाली, विद्यार्थी पण विद्यार्थिमंडळ. ‘आणि’ मात्र ऱ्हस्वच.

शब्दाचं शेवटचं अक्षर दीर्घ असेल तर त्याच्या आधीचा इकार उकार ऱ्हस्व, दिवा, महिना, पाहुणा, सुरू. ‘सूरू’ किंवा ‘सुरु’ दोन्ही नाही. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द याला अपवाद, म्हणून परीक्षा, पूजा, क्रीडा, आणि ‘परिक्षा’ हा शब्द तुम्ही ज्या परीक्षेला बसलाय तिच्याच पेपरात चुकीचा पर्याय म्हणून येतो.

शेवटचं अक्षर अकारान्त असेल तर आधीचं दीर्घ, फूल, मूल, वकील, गरीब. प्रत्यय लागला की ऱ्हस्व, फुलाचा, मुलाला, वकिलांना, गरिबाला. संस्कृत शब्द परत अपवाद, शरीर शरीरात, गीत गीतात. तीन अक्षरी काही शब्दांत ती वेलांटी किंवा उकार चक्क नाहीसा होतो, बेरीज बेरजेत, लाकूड लाकडाला, माणूस माणसाला.

जोडाक्षरांचं पाठांतर करू नका, फोड करून बघा. महत् + त्व म्हणून ‘महत्त्व’ मध्ये दोन त, तत् + त्व म्हणून ‘तत्त्व’, पण कर्तृ + त्व, नेतृ + त्व यात एकच. उत् + ज्वल म्हणून ‘उज्ज्वल’. फोडीने न सुटणारे थोडेच आहेत, ‘सहस्र’ मध्ये त नाही, ‘वरिष्ठ’ ला ठ आणि ‘विशिष्ट’ ला ट, ‘आशीर्वाद’ ची शी दीर्घ.

आणि हो, मी इथे ‘असं केलं’ लिहितोय कारण हे बोलल्यासारखं आहे. नियमाप्रमाणे पात्राच्या तोंडी ते चालतं, एरवी ‘असे केले’. पेपरातल्या वाक्यात दोन्ही प्रकार आले आणि अवतरणचिन्ह नसेल तर ‘असे’ वालं घ्या.

ज्यात वेलांटीने अर्थच फिरतो अशा जोड्या वेगळ्या लिहून ठेवा. दिन म्हणजे दिवस आणि दीन म्हणजे गरीब, सुत मुलगा आणि सूत धागा, शिर डोकं आणि शीर रक्तवाहिनी. ‘दीनदर्शिका’ असं छापलेलं पाहिलं की हसू येतं.

दोन उरले तर

एवढं करून दोन पर्याय उरलेच तर ते दोन एकमेकांखाली धरा आणि फरकाचा एकच शब्द घेऊन त्याचं साधं छोटं वाक्य बनवा. ‘पोलिसांनी काल रात्री उशिरा पळून जाणाऱ्या चोराला पकडला की पकडले’ सुचत नसेल तर ‘मी तिला पाहिली की पाहिले’ असं करून बघा. तरीही नाही जमलं तर परीक्षा कोणती ते बघा. तलाठी २०२३ ला चुकीच्या उत्तराचे मार्क कापत नव्हते, तिथे कोरा सोडणं म्हणजे नुकसान, एमपीएससीत चुकीच्या उत्तराला २५ टक्के मार्क जातात, पण दोनावर आलेला असाल तर तिथेही टिक करणं हिशोबाने परवडतं. मार्क कापणाऱ्या परीक्षेत चारही सारखेच वाटत असतील तर सोडा आणि पुढे चला.

सरावाला जुने पेपर घ्या, पण उत्तर बरोबर आलं की पुढे, असं करू नका. बाकीचे तीन पर्याय का चुकले हे वहीत एका ओळीत लिहा, ‘भावे, ला नंतर’, ‘दर + प्रत्येक’, ‘समासात ऱ्हस्व’ एवढंच. काही दिवसांत लक्षात येईल की तुमच्या चुका दोन तीन प्रकारांतच फिरतायत, मग तेवढेच घासा. अभ्यासिकेत दोघं असाल तर एकमेकांना चुकीची वाक्यं बनवून द्या, चूक लपवायची कशी हे एकदा कळलं की सापडायलाही लागते.

शेवटी उत्तरतालिका. पहिली तालिका आली की हरकतीची मुदत थोडीच असते आणि मराठीच्या प्रश्नांत तालिका चुकणं नवीन नाही. "मला वाटतं दुसरा पर्याय बरोबर आहे" अशी हरकत टिकत नाही. लेखननियमाचा क्रमांक, त्यातलं उदाहरण, आणि आयोगाने किंवा परीक्षा घेणाऱ्या कंपनीने दिलेला पर्याय त्यात कुठे बसत नाही हे दोन तीन वाक्यांत लिहा, सोबत नियमाच्या पानाची प्रत जोडा. दोन पर्याय बरोबर असतील तर एकच मागू नका, दोन्ही ग्राह्य धरावेत किंवा प्रश्न रद्द करावा असं लिहा. आणि हरकत पाठवायच्या आधी तीच कुणाला तरी वाचायला द्या, कारण शुद्धलेखनाच्या हरकतीतच ‘परिक्षा’ लिहिलेली असते.